कातडीआडचा आवाज

तिचा जन्म झाला तेव्हा आत्या पाळण्यात डोकावली आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर शाईची दौतच सांडली की!" तेव्हापासून घरात तिचं नाव शाई पडलं ते पडलंच. हजेरीपटावर दुसरं नाव होतं, प्रमाणपत्रांवरही तेच होतं, पण हाक मारायची वेळ आली की शाई. लहानपणी एकदोनदा तिनं रडून पाहिलं. रडण्यानं नाव काही बदलत नाही, उलट जास्त चिकटतं, हे लक्षात आल्यावर सोडून दिलं. पुढं ती इंजिनीअर झाली, डॉक्टरेट मिळवली, एका संशोधन संस्थेत लागली. तिथं पहिल्याच आठवड्यात बाबांनी लॅबच्या फोनवर "आमची शाई आहे का हो?" म्हणून विचारलं आणि तिथंही तिचं बस्तान त्याच नावानं बसलं.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला काळे पडदे, त्यांच्याआड लेझर. दुसऱ्या भिंतीला टेबलं, सूक्ष्मदर्शक, भट्टी, आणि हवा काढून घेणारी काचेची एक हंडी. या खोलीत तिघांचं राज्य होतं. एक सर, ज्यांच्या डोक्यातून ही सगळी कल्पना निघाली. दुसरी शाई, सेन्सर बनवणारी. तिसरा लेझर सांभाळणारा. उंच, सडपातळ, गोरापान आणि एका पायावर भार टाकून उभा राहणारा. त्याला सगळे बगळा म्हणत. तोही ओ देत असे.

काम असं होतं. प्रकाशाचा एक क्षणभराचा ठोका अंगात सोडायचा. रक्त तो प्रकाश पितं, किंचित तापतं, किंचित फुगतं, आणि त्या फुगण्याचा बारीक आवाज होतो. माणसाच्या कानाला तो कधीच ऐकू येत नाही, पण सेन्सरला येतो. असे आवाज गोळा केले की कातडीआडच्या रक्तवाहिन्यांचं चित्र तयार होतं. ना सुई, ना औषध, ना क्ष-किरण.

अडचण एकच. आवाज ऐकणारे नेहमीचे सेन्सर अपारदर्शक असतात. ते कातडीवर टेकवले की प्रकाशाचीच वाट अडते. मग प्रकाश बाजूनं तिरका सोडावा लागतो आणि निम्मा भलतीकडे जातो. "दारात म्हैस बसवायची आणि पाहुण्यांना खिडकीतून आत घ्यायचं, असला हा कारभार," सर म्हणायचे. म्हणून आरपार दिसणारा सेन्सर हवा होता. नखाएवढा स्फटिकाचा पातळ काप, त्याच्या दोन्ही अंगांना वीज वाहून नेणारा पण डोळ्यांना न दिसणारा थर. प्रकाश त्याच्यातूनच सरळ खाली जाणार आणि आवाज त्याच वाटेनं परत वर येणार. शाईनं असा सेन्सर बनवायला दोन वर्षांहून जास्त काळ घालवला होता, आणि शेवटी एका दुपारी तो चालला.

बगळ्यानं बाही सरसावून हात पुढे केला. शाईनं त्याच्या मनगटावर थोडी जेल लावली, सेन्सर टेकवला. पडद्यावर हळूहळू चित्र उमटत गेलं. झाडाच्या फांद्यांसारख्या शिरा, त्यांच्या डहाळ्या, डहाळ्यांच्याही काड्या. सर खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"जमलं!" ते म्हणाले. "शाई, जमलं की गं!"

"सर, बगळ्याच्या शिरा तर रस्त्यावरूनही दिसतात," शाई हसत म्हणाली. "त्यासाठी लेझर कशाला? आता माझा हात घ्या."

तिनं आपला हात ठेवला. पडद्यावर वरच्या बाजूला एक जाड, लख्ख पट्टा आला. त्याच्याखाली दुसरा पट्टा, जरा फिका. त्याखाली तिसरा. जिन्याच्या पायऱ्यांसारखे पट्टेच पट्टे, आणि त्या जिन्यावर कुणीही नाही. शीर नाही की फांदी नाही.

"हात हलला असेल," बगळा म्हणाला.

हात पुन्हा ठेवला. मग दुसरा हात. मग जेल पुसून नवी लावली. प्रकाश कमी केला, वाढवला. पट्टे काही हटेनात. बगळ्यानं पुन्हा आपलं मनगट ठेवलं तर फांद्या जशाच्या तशा हजर. हलण्याचा प्रश्न नव्हता हे मग तिघांनाही कळलं.

शाईला कारण तेव्हाच उमगलं होतं. कातडीला रंग देणारं द्रव्यही प्रकाश पितं. तिच्यासारख्या काळ्या कातडीत ते भरपूर. प्रकाश आत शिरताना पहिला आवाज कातडीच करते, आणि तो मोठा असतो. नुसता मोठा असता तरी हरकत नव्हती. रक्ताचा आवाज त्याच्या मागून येतो, तो वेगळा ओळखता आला असता. पण हा पारदर्शक सेन्सर एकदा दणका बसला की घंटेसारखा घुमत राहायचा. नेहमीच्या सेन्सरच्या पाठीला जड, काळा लगदा लावलेला असतो. घंटेवर तळवा दाबावा तसा तो घुमणं थांबवतो. इथं काळं काही लावलं की प्रकाशाची वाट बंद, म्हणून पाठ उघडीच ठेवलेली. बगळ्याच्या कातडीचा दणका हलका, घुमणंही हलकं. शाईच्या कातडीनं दारातच आरोळी ठोकली की सेन्सर घुमत बसे, आणि त्या गोंगाटात आतल्या शिरांची कुजबुज बुडून जाई.

"हे पुढच्या टप्प्यात बघू," सर म्हणाले. "महिनाअखेर हॉस्पिटलमध्ये दाखवायचं ठरलंय. तिथल्या डॉक्टरीणबाई वाट बघतायत. जे चालतंय ते आधी दाखवू."

"चालतंय कुणावर, सर?"

"शाई, प्रत्येक गोष्टीचा पहिला टप्पा असतो."

"असतो. आणि त्यात कोण बसतं आणि पुढच्या टप्प्याची वाट कोण बघत बसतं, तेही मला माहीत आहे. तो पुढचा टप्पा येतच नाही. तोवर मशीन विकलं जातं, पुस्तकात छापलं जातं, आणि माझ्यासारख्यांना सांगितलं जातं की तुमच्यावर नीट चालत नाही हो, काय करणार."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे त्यांना लागलं होतं. "महिनाअखेरपर्यंत काय ते कर," ते म्हणाले. "नाही जमलं तर आहे तेच घेऊन जाऊ."

"नाही जमलं तर मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवीन. बगळ्याचं आणि माझं."

"म्हणजे आपल्याच पायावर धोंडा?"

"धोंडा पडलेलाच आहे, सर. निदान दिसू तरी दे."

घरी आली तेव्हा बाबा आणि आत्या जेवायला थांबले होते. बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतरही कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टचा आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे. आत्या त्यांच्याहून मोठी, नवरा गेल्यापासून इथंच राहायला आलेली. तिची जीभ म्हणजे धार लावलेली कात्री.

"तोंड का पाडलंयस?" आत्यानं विचारलं.

शाईनं सोप्या शब्दांत सांगितलं. प्रकाश, आवाज, बगळ्याचा हात, आपला हात. आत्या घास हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे? मशीनलासुद्धा गोरीच पाहिजे का?"

बाबांना हसू फुटलं. शाईही हसली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी कुठल्या बाजूचं होतं ते तिचं तिलाच कळेना. तिला पाहायला आलेली आणि चहा पिऊन गेलेली माणसं आठवली. फोटोच्या दुकानात "जरा उजळ करून देतो हं" म्हणणारा माणूस आठवला. या सगळ्यांचा तिनं कधीच हिशेब सोडून दिला होता. माणसं तशीच असतात, म्हणून खांदे उडवले होते. पण यंत्र तिनं स्वतःच्या हातांनी घडवलं होतं, आणि तेही तिच्या हाताकडे बघून तोंड फिरवत होतं. ते मात्र तिला गिळवेना.

"मी करणार ते," ती म्हणाली.

"कर की," बाबा म्हणाले. "घुमतंय ना? मग दाबायला काहीतरी पाहिजे. लिफ्टखालीसुद्धा रबर असतं."

"रबर काळं असतं, बाबा. मला आरपार दिसणारं रबर पाहिजे."

"ते काही मला मिळालं नाही कधी," बाबांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि भात वाढून घेतला.

ताटं उचलताना आत्यानं शाईच्या हाताला उगाचच हात लावला, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून शाई पाठीच्या लगद्यामागे लागली. नुसतं पारदर्शक रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव, ओतून पाहिलं. ते हलकं पडलं. आवाज त्यात शिरायलाच तयार नव्हता, परत फिरून स्फटिकातच घुमायचा. रेझिन जड करायचं तर त्यात काहीतरी भरड घालायला हवं, ज्याच्या कणाकणांना आपटून आवाज थकून जाईल. धातूची भुकटी घातली तर काळं ठिक्कर. काचेची भुकटी घातली. काच म्हणजे पारदर्शकच की! पण रेझिनमध्ये मिसळताच तिचं दूध झालं.

"काच पांढरी कशी झाली?" सरांनी येताजाता विचारलं.

"काचेतून आणि रेझिनमधून प्रकाश वेगवेगळ्या चालीनं जातो. प्रत्येक कणापाशी तो ठेचकाळतो, म्हणून पांढरं दिसतं. दोघांची चाल एक केली तर ठेचकाळणार नाही."

चाल एक करायला तिनं दोन प्रकारची रेझिनं घेतली आणि थोडं याचं, थोडं त्याचं असं मिसळत गेली. पेल्याखाली छापील कागद ठेवायची. आधी सगळं दूध. मग पातळ ताक. मग धुकं. आणि एका मिश्रणाशी आल्यावर भुकटी एकाएकी नाहीशीच झाली. पेल्यात अर्ध्याहून जास्त काच होती, आणि खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"गेली कुठं?" बगळा पेल्यात नाक घालून म्हणाला.

"आहे तिथंच आहे. फक्त दिसत नाही."

तिनं हंडीत ठेवून हवेचे बुडबुडे ओढून काढले, मिश्रण स्फटिकाच्या पाठीवर ओतलं आणि घट्ट व्हायला ठेवून दिलं. सकाळी येऊन पाहिलं तर पुन्हा धुकं. अक्षरं गायब.

तिला वाटलं, प्रमाण चुकलं. पुन्हा केलं, जपून केलं. ओलं असताना स्वच्छ, घट्ट झालं की गढूळ. तिसऱ्यांदा तेच झालं. बगळा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, एका पायावर.

"सोड आता," तो म्हणाला. "तू हे माझ्यासाठी करत नाहीयेस ते माहीत आहे मला. पण माझ्या हातावर चालतं याची मलाच आता लाज वाटायला लागलीय."

"तुझ्या हाताचा काय दोष? लाज वाटून घेण्यापेक्षा लेझर नीट चालव."

"बरं."

"आणि ऐक. हे घट्ट होताना रेझिन आक्रसतं. आक्रसलं म्हणजे दाटलं. दाटलं म्हणजे त्यातून जाणाऱ्या प्रकाशाची चाल बदलली. काच तीच राहिली, रेझिन बदललं. आज एकत्र चालतायत, उद्या एक पुढं, एक मागं."

"मग?"

शाईनं पेला उचलून खिडकीकडे धरला. धुक्यातून खिडकीची चौकट अंधूक दिसत होती. "मग आज त्यांना एकत्र चालवायचंच नाही," ती सावकाश म्हणाली. "आज गढूळच ओतायचं. मुद्दाम. दाटल्यावर रेझिनची चाल जितकी मंदावणार तितकी आधीच पुढं ठेवायची. ओलं असताना खालचं अक्षर दिसता कामा नये, घट्ट झाल्यावर दिसलं पाहिजे."

"गढूळ ओतताना हात कसा धजावेल?"

"धजावेल. दुसरा मार्ग तरी कुठंय?"

मग गढूळ पेल्यांची एक रांगच टेबलावर लागली. कुठला घट्ट होऊन स्वच्छ होतो ते बघत बसायचं. एक झाला. तोच पुन्हा केला, पुन्हा झाला. तेच मिश्रण स्फटिकावर ओतलं आणि घाईनं भट्टीत ठेवलं, तर घट्ट होताना ते इतकं आक्रसलं की स्फटिकाचा काप तडकला. टिक् असा बारीक आवाज आला. शाई पलीकडच्या टेबलाशी होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. काय झालं ते तिला तिथूनच कळलं. जिना उतरून ती अंगणात गेली, भिंतीशी जरा उभी राहिली, नळावर तोंड धुतलं आणि वर आली. "सावकाश घट्ट होऊ द्यायचं," तिनं बगळ्याला सांगितलं. "भट्टी बंद. नुसतं झाकून ठेवू. वेळ लागेल, लागू दे."

वेळ लागला. महिनाअखेर जवळ येत होती आणि सर रोज दारातून डोकावून काही न विचारता जात होते. न विचारण्याचे त्यांचे कष्ट चेहऱ्यावर दिसायचे.

नवा सेन्सर तयार झाला तो चांगला उजेडाच्या वेळी, जेवणाच्या सुट्टीआधी. पाठीवर बोटभर जाडीचा काचेसारखा ठोकळा, आणि त्याच्यातून पलीकडचं सगळं दिसत होतं. बगळ्यानं एक ठोका देऊन पाहिला. सेन्सरनं एक हुंकार दिला आणि गप्प झाला. घुमणं नाही, काही नाही.

शाईनं बाही वर केली. जेल लावली आणि सेन्सर टेकवला.

पडद्यावर वर एक पट्टा आला, एकच. कातडीचा. त्याच्याखाली अंधार. आणि त्या अंधारातून एक शीर उगवली, तिनं वळण घेतलं, तिला फाटा फुटला, फाट्याला काड्या फुटल्या. शाई बघत राहिली. आपल्या हातात इतकं काही चाललेलं असतं हे तिला पुस्तकातून माहीत होतं; पण ते दिसलं तेव्हा तिला वाटलं की कुणीतरी आपल्या घराचं दार पहिल्यांदाच उघडलंय आणि आत सगळं जिथल्या तिथं, नीटनेटकं मांडलेलं आहे.

"सर," बगळ्यानं हाक मारली. "सर, या इकडे."

सर आले. त्यांनी पडदा बघितला, शाईचा हात बघितला, पुन्हा पडदा बघितला. "मी तुला पुढच्या टप्प्यात ढकलत होतो," ते म्हणाले.

"ढकलत होतात खरं," शाई म्हणाली. "पण मी हलले नाही."

हॉस्पिटलमध्ये त्यांना वरच्या मजल्यावरची एक खोली दिली होती. एक पलंग, एक खुर्ची, हात धुवायचं बेसिन, खिडकीला जाड पडदा. अशा चाचणीला हॉस्पिटलच्या समितीची रीतसर परवानगी होती. डॉक्टरीणबाई रक्तवाहिन्यांच्या सर्जन. बुटक्या, चपळ, आणि बोलताना एकही शब्द वाया न घालवणाऱ्या. सरांनी बगळ्याला पुढे केलं. "आधी यांच्या हातावर दाखवतो, म्हणजे कल्पना येईल."

डॉक्टरीणबाईंनी बगळ्याला नखशिखांत न्याहाळलं. "यांच्या शिरा मला दारातूनच दिसल्या. असले पेशंट आले तर मी तुम्हाला बोलावणारच नाही. माझा पेशंट बाहेर बसलाय."

बाहेर बसले होते ते टेलरकाका. वय साठीच्या आतबाहेर, रंगानं शाईपेक्षाही गडद, बोटं लांब आणि निमुळती. मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिससाठी हातातली एक शीर आणि एक धमनी आपसांत जोडावी लागते. मग ती शीर फुगून जाड होते आणि जाड सुया सोसू शकते. त्याला फिस्टुला म्हणतात. काकांच्या डाव्या हाताच्या शिरा इतक्या वर्षांच्या सुयांनी आणि सलाइननी खराब झाल्या होत्या. आधी ज्यांनी तपासलं त्यांनी सांगितलं होतं की डावा हात गेल्यात जमा, उजवा घ्या.

"उजवा घेतला तर शिवू कशानं?" काकांनी खुर्चीत बसता बसता विचारलं. "या हातात कात्री असते, बाई. डावा नुसता कापड धरतो. धरणाऱ्याला काय, कुणीही धरेल."

"म्हणूनच डावा पुन्हा बघतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या मशीननं मनगटापाशी काही धड दिसत नाही. दाबलं की शीर चपटी होते. हे लोक म्हणतात यांचं मशीन दाबावं लागत नाही. बघू. यांच्या चित्रावर मी सुरी चालवणार नाही हं, आधीच सांगते. हे अजून परीक्षेला बसलेलं मशीन आहे."

"बसू दे," काका म्हणाले. "मीही लहानपणी दोनदा बसलो होतो. आणि हात माझा, मी हो म्हटलंय."

शाईनं मनगटापासून सुरुवात केली. पडद्यावर आधी काहीच धड येईना. सुयांच्या जुन्या वणांनी कातडी उंचसखल झाली होती, आणि सेन्सर आणि कातडीमध्ये हवा राहत होती. हवा राहिली की आवाज अडतो. सरांनी घसा खाकरला. बगळ्यानं पाय बदलला. शाईनं कुणाकडेच पाहिलं नाही. तिनं जेल पुसली, हात कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून घेतला, नवी जेल बोटानं वणांच्या खळग्यांत भरली आणि पुन्हा टेकवलं.

मनगटाची शीर दिसली. तुटक, दोऱ्यासारखी. काकांना ती दिसताच ते म्हणाले, "उसवलेली दिसतेय."

"इथं उसवलीय," शाई म्हणाली. "वर बघू."

ती बोटभर बोटभर वर सरकत गेली. प्रत्येक ठिकाणी थांबून, जेल भरून. मधल्या एका जागी त्या तुटक शिरेला कडेनं दुसरी एक शीर येऊन मिळाली. पडद्यावर ती जाड, सरळ, अखंड दिसत होती. बाहेरून त्या जागी काळ्या कातडीवर काहीच खूण नव्हती. डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या.

"ही कुठून आली?"

"बाहेरच्या बाजूनं. इथपर्यंत अखंड आहे." शाई आणखी वर गेली. कोपराच्या अलीकडे ती शीर खोल गेली आणि चित्र विरत गेलं. शाईनं सेन्सर उचलला. "याच्या पुढचं मला दिसत नाही. शीर संपलीय असं नाही, खोल गेलीय. तिथवर आमचा प्रकाश पुरत नाही. अंदाजानं सांगायचं नाही मला."

"सांगूही नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आवाज बदलला होता. शाईनं पेननं कातडीवर वाट आखून दिली होती. बाईंनी दंडाला पट्टा आवळला, त्या वाटेवर बोट ठेवून बराच वेळ डोळे मिटून राहिल्या. मग आपलं नेहमीचं अल्ट्रासाउंड मागवलं आणि तीच वाट धरून हलक्या हातानं वर गेल्या. कोपराच्या पुढं शीर उघडी होती. मोठीही होती.

"इतके दिवस मी आतल्या बाजूला शोधत होते," त्या म्हणाल्या. मग काकांकडे वळून, "डावा घेऊ."

काकांनी उजवा हात मांडीवर उपडा ठेवला होता. तो उलटा करून तळव्याकडे पाहिलं, जणू कुणीतरी उसना नेलेला परत आणून दिला होता.

खाली उतरताना सरांनी शाईला विचारलं, "लेख लिहायला घेऊ. पहिलं चित्र कुठलं टाकायचं?"

"माझं आणि बगळ्याचं, शेजारी शेजारी. आधीचंही आणि नंतरचंही. आणि आम्हाला कोपरापुढं दिसलं नाही, तेही लिहायचं."

"ते कशाला?"

"कारण पुढच्या वेळी मला तिथून सुरुवात करायचीय."

ऑपरेशन झालं, जखम भरली. फिस्टुला तयार व्हायला वेळ लागतो, आणि तयार होईलच याची खात्री कुणी देत नाही. त्या दिवसांत शाईनं सेन्सरच्या पाठीचा ठोकळा पातळ करून पाहिला, स्फटिक मोठा घेऊन पाहिला, दोन मोडले, एक चालला. निरनिराळ्या रंगांच्या हातांची माणसं लॅबमध्ये यायला लागली. खालच्या मजल्यावरची ग्रंथपालबाई, झाडांना पाणी घालणारे माळीबुवा, आणि एकदा खुद्द आत्या. आत्यानं बाही वर करून हात ठेवला आणि आधी पडद्याकडे, मग भिंतीवर लावलेल्या शाईच्या चित्राकडे बघत म्हणाली, "माझ्यापेक्षा तुझं छान आलं होतं." शाईनं तिच्याकडे पाहिलं. थट्टा करत होती असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

मग एका दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "टेलरकाका तपासायला आलेत. वेळ असेल तर या. नसेल तर काढा."

शाई गेली. काका त्याच खुर्चीत बसले होते, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत. दुकानातून थेट आले होते. डावी बाही वर होती. हाताच्या बाहेरच्या बाजूनं एक शीर बोटाएवढी फुगून ठळक झाली होती, आता कुठल्याही यंत्राशिवाय दिसावी अशी.

"बोट ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाबू नका."

शाईनं बोट टेकवलं. कातडीखाली काहीतरी घरघरत होतं. मांजर अंगाला घासून गुरगुरतं तसं, अखंड, दमदार. धमनीतलं रक्त शिरेत धावून जात होतं आणि त्याची थरथर तिच्या बोटातून वर चढत होती. इतकी वर्षं ती न ऐकू येणाऱ्या आवाजांच्या मागे लागली होती, आणि हा तर बोटानं ऐकता येत होता. तिनं बोट उचललं नाही.

काकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग उजव्या हातानं मोजपट्टी सरळ केली आणि हळूच म्हणाले, "बाई, सोडता का आता? दुकानात दोन पँटी कापायच्या राहिल्यात."